कारणे दाखवा

पुरुष हेराचा सिनेमा बघताना आपला प्रेक्षक फार मोठ्या मनाचा असतो. 2011 साली टॉम क्रूझ दुबईच्या बुर्ज खलिफाच्या काचांवरून वर चढत होता. हातातल्या चिकट मोज्यांपैकी एक ऐन वेळी बंद पडला. थिएटरात सगळ्यांनी श्वास रोखून धरले, पण 'याच्या घरी माहीत आहे का हा कुठे आहे ते?' असं कुणी विचारलं नाही. पुढच्याच वर्षी सलमान खानने डब्लिनमध्ये सुसाट सुटलेली ट्राम थांबवली. ट्रामचं वजन किती, सलमानचं किती, हा हिशेब कुणी मांडला नाही. शिट्ट्या वाजल्या, विषय संपला. जेम्स बाँड तर 1962 पासून पडद्यावर माणसं मारतोय. हा गृहस्थ या धंद्यात का पडला, याला दुसरं काही जमलं नसतं का, असं विचारावंसं कुणाला वाटलं नाही. त्याचे आईवडील गिर्यारोहणाच्या अपघातात गेले, हे 1995 च्या 'गोल्डनआय'मध्ये एका वाक्यात येतं, आणि तेही खलनायकाने मारलेल्या टोमण्यात. तोवर तेहतीस वर्षं बाँड विनाकारणच बाँड होता आणि ते सगळ्यांना चालत होतं.

हेर बाई असली की मात्र हाच प्रेक्षक खुर्चीत सरसावून बसतो. हिला हे कुणी शिकवलं? घरी कोण कोण असतं? लग्न झालंय का? झालं असेल तर नवरा कसा काय सोडतो, आणि झालं नसेल तर का झालं नाही? पिस्तूल नेमकं कुठे ठेवलंय? एवढ्या मारामारीत केस कसे सुटत नाहीत, आणि सुटलेच तर ही बांधत का नाही?

आमच्या घरात ही चौकशी समिती कायमस्वरूपी आहे. अध्यक्ष माझे सासरे. जिल्हा परिषदेच्या वित्त विभागात त्यांनी आयुष्य काढलं. त्यांनी आक्षेप घेऊन परत पाठवलेली बिलं अजूनही कुठल्यातरी कपाटात उसासे टाकत असतील. एक सदस्य माझे थोरले दीर. भाऊजी इंजिनिअरिंग कॉलेजात यंत्रशास्त्र शिकवतात आणि सुट्टीच्या दिवशी तेच आम्हाला शिकवतात. दुसरी सदस्य माझी मावशी. शाळेत पी.टी. शिकवून निवृत्त झाली, पण शिट्टी अजून पर्समध्ये असते. तिसरा सदस्य माझा नवरा. त्याचं मत कुठल्याही सिनेमाबद्दल एकच असतं, ते पुढे येईलच. आणि भाऊजींची मुलगी, म्हणजे माझी पुतणी. ती तेव्हा शाळेत होती, त्यामुळे तिला फक्त पॉपकॉर्नचा अधिकार होता.

31 मार्च 2017 ला 'नाम शबाना' लागला. तारीख लक्षात राहिली ती सासऱ्यांमुळे. 'मार्चअखेरीला सिनेमा?' असं त्यांनी अशा सुरात विचारलं, की निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी त्यांचा ताळेबंद अजून लागायचाय, असं वाटावं. मग आम्ही रविवारी गेलो, 2 एप्रिलला. नवं आर्थिक वर्ष, नवा सिनेमा.

या शबानाची आणि आमची ओळख आधीची. 2015 च्या 'बेबी'मध्ये ती थोड्या वेळापुरती आली होती. काठमांडूच्या हॉटेलातल्या एका खोलीत तापसी पन्नूने एका धटिंगणाला एकटीने असं लोळवलं, की अक्षय कुमार परत येईपर्यंत काम उरकलेलं होतं. त्या प्रसंगाला आमच्या थिएटरात टाळ्या पडल्या. भाऊजींनीसुद्धा वाजवल्या, मी स्वतः पाहिलंय. तेव्हा तिच्या आईचं काय, तिच्या लग्नाचं काय, असं कुणाच्या मनात आलं नाही. ती खात्यातली एक अधिकारी होती, कामावर आली होती, काम करून गेली. मग लोकांना ती आवडली म्हणून तिच्या नावाचा आख्खा सिनेमा काढला आणि सगळं बदललं. पाहुणी म्हणून येते तोवर तिला कुणी काही विचारत नाही, चहापोहे देतात. तीच सून म्हणून घरात आली की पहिल्याच दिवशी कुळाची चौकशी सुरू होते, तसं झालं.

मध्यंतरापर्यंत आम्हाला कळलेलं कुळ असं. शबाना खान, मुंबईत कॉलेजात शिकणारी मुलगी. कुडो नावाची जपानी झुंजकला खेळते. बाप आईला मारायचा, त्याच्याशी झालेल्या झटापटीत बाप गेला, त्यापायी ती लहानपणी सुधारगृहात राहून आलेली. पुढे तिच्यावर प्रेम करणारा एक सज्जन मुलगा भेटतो. सिनेमातला सज्जन मुलगा म्हणजे त्याचे दिवस भरलेलेच असतात. रस्त्यातल्या गुंडांशी झालेल्या मारामारीत तोही जातो. आता हिच्याकडे हेर व्हायला एक सोडून दोन कारणं झाली. सासरे पॉपकॉर्नचा पुडा बाजूला ठेवून म्हणाले, "मूळ प्रत आणि साक्षांकित प्रत, दोन्ही जोडल्या आहेत. आता प्रकरण पुढे सरकायला हरकत नाही."

मध्यंतरात समितीची पहिली बैठक समोशांच्या रांगेत भरली.

भाऊजींनी विषय मांडला. "पंचावन्न किलोची मुलगी नव्वद किलोच्या माणसाला भिंतीवर आपटते. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. एवढा वेग यायचा तर तिला कांदिवलीहून पळत यावं लागेल."

मावशी म्हणाली, "तुम्ही वजन बघताय, मी पाय बघतेय. पाय रोवलेत तिने. ताकद टाचेतून निघते, कमरेतून फिरते आणि मग खांद्यात येते. चाळीस वर्षं मुलांना हेच सांगितलं मी. मुलं ऐकत नव्हती, ही ऐकते."

"पण वस्तुमान..."

"भाऊजी, तुमचं वजन किती?" मावशीने विचारलं. मावशीला माझ्या दिराशी बोलताना नात्याचा शब्द सापडत नाही, म्हणून ती माझाच वापरते. भाऊजींनी वजन सांगितलं. मावशीने त्यांच्याकडे वरून खाली असं काही पाहिलं, की ते रांग सोडून कोल्ड्रिंकच्या काउंटरकडे गेले.

सासऱ्यांची अडचण वेगळीच होती. त्या मुलीवर महिनोन्महिने पाळत ठेवली, तिला शिकवलं, परदेशी पाठवायचं ठरवलं, म्हणजे खर्च आला. "हा खर्च कुठल्या शीर्षाखाली टाकतात? गुप्त म्हणून टाकत असतील तर लेखापरीक्षण कोण करतं? आणि परत आल्यावर ही प्रवासभत्त्याचं बिल कसं सादर करते? बोर्डिंग पास जोडावा लागतो, आणि तो तर हिच्या खऱ्या नावावर नसणार." त्यांच्या चेहऱ्यावर खरी काळजी होती. खलनायकाने प्लास्टिक सर्जरी करून चेहरा बदलला, याने ते विचलित झाले नाहीत. पण खोट्या नावाच्या बोर्डिंग पासने त्यांचा उत्तरार्ध नासवला.

माझा नवरा या सगळ्यात गप्प होता. तो वाट बघत होता. सिनेमा शबानाचा, नाव शबानाचं, पण माझ्या नवऱ्यापुरता तो अक्षय कुमार येईपर्यंतचा वेळ होता. अक्षय कुमार त्यात पाहुणा कलाकार. तो पडद्यावर आला तेव्हा थिएटरात शिट्ट्या वाजल्या आणि माझा नवरा ताठ बसला. मलेशियात शबाना जिवावर उदार होऊन लढत असताना तो माझ्या कानाशी येऊन कुजबुजला, "तो आहे ना बाहेर. काही होत नाही तिला." इतक्या निर्धास्तपणे त्याने आमच्या घराचं कर्जसुद्धा घेतलं नव्हतं.

बाहेर पडताना सासऱ्यांनी अहवाल दिला. ते म्हणाले, "काम चोख आहे मुलीचं. पण मला एक कळलं नाही. शासनात माणसाला नोकरी आधी मिळते आणि कारणे दाखवा नोटीस नंतर, काही चुकलं तर. या मुलीला नोटीस आधी दिली, तिच्याकडून दोन माणसं गेल्याचा खुलासा घेतला आणि मग नोकरी दिली. ही कुठली पद्धत?"

तेव्हा मी हसले. पण त्यानंतर हेर बाईचा कुठलाही सिनेमा बघितला की मी आधी खुलासा शोधू लागले, आणि तो हमखास सापडू लागला.

विद्या बालनची 'कहानी' घ्या, 2012 ची. इतक्या वर्षांनी सांगायला हरकत नाही, की ती गरोदरही नव्हती आणि हरवलेल्या नवऱ्याला शोधतही नव्हती. पण कारण होतं, आणि ते पक्कं होतं: नवरा कोलकात्याच्या मेट्रोतल्या विषारी वायूच्या हल्ल्यात गेलेला. ती पगारी हेर नव्हती, तरी पगारी हेरांना कामाला लावून गेली. 'राजी'तली सेहमत 1971 साली पाकिस्तानात लग्न करून जाते, कारण मरणाच्या दारात असलेल्या वडिलांची इच्छा. 'धाकड'मधल्या अग्नीचे आईवडील लहानपणी डोळ्यांसमोर मारले गेलेले. बाहेरच्या देशांतही कारकुनी हीच. शार्लीझ थेरनच्या 'अटॉमिक ब्लाँड'मध्ये बर्लिनला जाण्याआधी तिचा जिवाचा माणूस मेलेला आहे. ल्यूक बेसाँच्या 1990 च्या 'निकिता'त तर मारायला जवळचं कुणी उरलं नव्हतं बहुतेक, म्हणून सरकारने नायिकेचंच खोटं दफन करून तिला कामावर घेतलं. आपल्याकडची नाडिया हेर नव्हती, बुरखाधारी बंडखोर होती, पण 1935 च्या 'हंटरवाली'त तिलासुद्धा चाबूक हातात घ्यायला वडील संकटात पडावे लागले. एवढं झाल्यावर तिने पडद्यावर धडधाकट पुरुष खांद्यावर उचलून फेकले. ऑस्ट्रेलियात जन्मलेली, सर्कशीत काम केलेली बाई ती, उचलायची ते खरंखुरं उचलायची. मी हे भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "तेव्हा लोक बारीक असायचे."

थोडक्यात, बाईच्या हातात पिस्तूल द्यायचं तर आधी एका पुरुषाचा मृत्यूचा दाखला लागतो. बाप चालेल, नवरा चालेल, प्रियकर उत्तम. पुरुषाला पिस्तुलाबरोबर सूट मिळतो.

दाखल्यावरही भागत नाही. तिने दमल्याचाही पुरावा द्यावा लागतो. 'अटॉमिक ब्लाँड'मध्ये जिन्यावरची एक लांबलचक मारामारी आहे, मध्ये कुठेही न तोडता घेतल्यासारखी दिसणारी. तिच्या शेवटी शार्लीझ थेरन आणि तिचा शत्रू दोघंही इतके थकतात, की एकमेकांना मारण्याऐवजी एकमेकांवर कोसळतात. घरी टीव्हीवर ते बघून भाऊजींनी पहिल्यांदाच मान डोलावली. "हे शक्य आहे," ते म्हणाले. "ही दमतेय." सिनेमाच्या सुरुवातीला ती बर्फ घातलेल्या टबात अंगभर काळेनिळे डाग घेऊन बसलेली असते, तेही त्यांना पटलं. मी विचारलं, "सलमानचा टायगर कधी दमलेला पाहिलात?" तर म्हणाले, "तो कशाला दमेल?" यंत्रशास्त्रातला हा नियम बहुतेक पदव्युत्तर वर्गात शिकवत असतील.

'राजी'मुळे आमच्या घरात थोडा ताणच निर्माण झाला होता. त्यात सेहमत आपल्या थोरल्या दिराला छत्रीच्या विषारी टोकाने संपवते. मे महिन्यात सिनेमा आला आणि जूनमध्ये पाऊस. त्या पावसाळ्यात मी छत्री घेऊन भाऊजींच्या घरी गेले, की ते स्वतः उठून छत्री माझ्या हातातून घेत आणि लांब गॅलरीत नेऊन ठेवत. "ओली आहे ना," म्हणत. कोरडी असली तरी.

पण सगळ्यांत बोलका नमुना म्हणजे 2010 चा 'सॉल्ट'. अँजेलिना जोलीचा. हा सिनेमा मुळात बाईसाठी लिहिलाच नव्हता. नायकाचं नाव एडविन सॉल्ट आणि ते काम करणार होता टॉम क्रूझ. हे पात्र आपल्या 'मिशन इम्पॉसिबल'मधल्या पात्रासारखंच वाटेल म्हणून तो बाजूला झाला. मग एडविनची एव्हलिन झाली. एकच गोष्ट, एकच पाठलाग, एकच दगाफटका, फक्त माणसाऐवजी बाई. म्हणजे प्रयोगशाळेत करावा तसा प्रयोग आपसूक झाला. तर बदललं काय?

मूळ पटकथेत एडविन संकटात सापडलेल्या बायकोला वाचवतो, असा मोठा प्रसंग होता. तो तसाच ठेवून एव्हलिनने नवऱ्याला वाचवलं असतं, तर नवरा फारच दुबळा दिसतो असं करणाऱ्यांच्या लक्षात आलं. मग सिनेमात काय केलं? तो मारला जातो. वाचवलेला नवरा बघवत नाही, मेलेला चालतो.

हा नवरा कोळ्यांचा अभ्यासक. मासे पकडणारे कोळी नव्हेत, जाळी विणणारे. त्याच्याकडच्या कोळ्याचं विष पुढे एव्हलिनला उपयोगी पडतं, नवरा स्वतः पडत नाही. त्याला तिच्या डोळ्यांदेखत मारतात, ती चेहऱ्यावरची रेष हलू देत नाही आणि मग थोड्याच वेळात सगळ्यांचा हिशेब चुकता करते. आम्ही हा सिनेमा सहकुटुंब टीव्हीवर बघितला. बंदुकीची गोळी लागून गेल्यावर ती स्वच्छतागृहातल्या सॅनिटरी पॅडने जखम बांधते, तेव्हा आमच्या हॉलमध्ये सासऱ्यांना अचानक पाणी प्यावंसं वाटलं. मावशी मात्र उठून बसली. "प्रथमोपचार पेटीत मी हेच ठेवत होते," ती म्हणाली. "हेडमास्तर काढायला लावायचे." एव्हलिन महामार्गावर एका ट्रकवरून दुसऱ्या ट्रकवर उड्या मारत गेली, पुरुष अधिकाऱ्याच्या वेषात व्हाइट हाउसमध्ये शिरली, हे सगळं समितीने विनाआक्षेप मंजूर केलं. चर्चा झाली ती नवऱ्यावर.

मी माझ्या नवऱ्याला विचारलं, "समजा तुला कुणी पळवून नेलं आणि मी येऊन सोडवलं, तर तुला चालेल?"

"कशाला नेतील मला?"

"समज ना."

"किती लोक बघत असतील?"

"म्हणजे?"

"नाही, म्हणजे आपल्या आपल्यात असेल तर चालेल."

हे हसण्यावारी नेण्याचं उत्तर नाही. कोट्यवधी डॉलर घालून सिनेमा काढणाऱ्या लोकांनी हेच उत्तर गृहीत धरलं होतं.

मग खऱ्या हेर बायकांनी काय खुलासे दिले, हे मी वाचायला लागले. आणि तिथे तर सगळी फाइलच वेगळी निघाली.

स्टेला रिमिंग्टन नावाची बाई 1967 साली दिल्लीत राहत होती. नवरा ब्रिटिश उच्चायुक्तालयात अधिकारी. हिच्या वाट्याला मुत्सद्द्यांच्या बायकांचे चहापाण्याचे कार्यक्रम. तिथल्या एमआय फाइव्हच्या माणसाने तिला विचारलं, कार्यालयात थोडी मदत कराल का, टायपिंग वगैरे? ती म्हणाली, करते. नवरा जिवंत होता, ठणठणीत होता, कुणीही कुणाला मारलं नव्हतं. 1992 मध्ये ही बाई एमआय फाइव्हची महासंचालक झाली. त्या पदावरची पहिली बाई, आणि नेमणुकीच्या वेळी सरकारने जिचं नाव उघड जाहीर केलं अशी पहिली प्रमुखही तीच. तीन वर्षांनी 'गोल्डनआय'मध्ये बाँडची वरिष्ठ म्हणून जूडी डेंच येऊन बसली, तेव्हा सगळ्यांना रिमिंग्टनबाईंची आठवण झाली. म्हणजे बघा, ज्या सिनेमात बाँडला बाई साहेब मिळाल्या, त्याच सिनेमात त्याच्या आईवडिलांचा विषय निघाला. वरिष्ठ बाई आल्याबरोबर बाँडकडेही खुलासा मागितला गेला, असं मी धरून चालले आहे.

सासऱ्यांना हे सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले. मग विचारलं, "टायपिंगचा वेग किती होता?"

"ते कुठे दिलेलं नाही."

"मराठी तीसचा प्रश्न नाही, पण इंग्रजी चाळीस असणारच," ते म्हणाले आणि त्यांचं समाधान झालं. त्यांच्या लेखी नेमणूक नियमित झाली होती.

भाऊजींसाठी मी व्हर्जिनिया हॉल राखून ठेवली होती. ही अमेरिकन. 1933 साली तुर्कस्तानात शिकारीला गेली असताना स्वतःच्याच बंदुकीची गोळी पायाला लागली आणि डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. लाकडी पाय बसवला. तिने त्याचं नाव ठेवलं कथबर्ट. पाय नाही म्हणून अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तिला मुत्सद्दी करायचं नाकारलं. मग दुसऱ्या महायुद्धात ती ब्रिटिशांची हेर म्हणून फ्रान्समध्ये शिरली. जर्मन गेस्टापो 'लंगडी बाई' म्हणून तिला शोधत होती. नोव्हेंबर 1942 मध्ये जर्मन फार जवळ आले, तेव्हा ती बर्फातून पिरनीज पर्वत चालत ओलांडून स्पेनमध्ये उतरली. वाटेतून तिने लंडनला कळवलं, की कथबर्ट त्रास देतोय, पण निभावून नेऊ. तिकडच्या अधिकाऱ्याला कथबर्ट कोण हे ठाऊक नव्हतं. त्याला वाटलं बरोबरचा कुणी माणूस असावा. त्याने उलट कळवलं, की त्रास देत असेल तर त्याला संपवून टाका.

भाऊजी हसले नाहीत. कागद घेतला. पर्वताची उंची, लाकडी पायाचं वजन, बर्फावरचं घर्षण असं काहीबाही मांडलं. मग कागद चुरगळून म्हणाले, "हे शक्य नाही."

"झालंय पण."

"झालं असेल. शक्य नाही."

मावशीला मात्र परदेशातल्या बायकांचं कौतुक पुरवत नाही. तिला मी मुंबईच्या रजनी पंडित यांचं सांगितलं. खासगी गुप्तहेर, वडील पोलिसांत. एका खुनाचा छडा लावायला त्या संशयित बाईच्या घरी मोलकरीण म्हणून राहिल्या, सहा महिने. पिस्तूल नाही, ट्रक नाही, धुणीभांडी आणि कान उघडे.

मावशी हरखून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ती संशयित बाई काही फार हुशार नसणार."

"का गं?"

"घरात मोलकरीण सहा महिने टिकली, एक खाडा नाही, तिथेच ओळखायला हवं होतं."

यातल्या कुणाच्याच हातात मृत्यूचा दाखला नव्हता. एकीला कंटाळा आला होता, एकीला नकार मिळाला होता आणि तो तिला मान्य नव्हता, एकीला हे काम आवडत होतं. पुरुष याच कारणांसाठी हेर होतात. फक्त त्यांना ती सांगावी लागत नाहीत.

आता माझी पुतणी मोठी झाली आहे. पदवी घेऊन स्पर्धा परीक्षांच्या तयारीला लागली आहे, आणि मध्यंतरी तिने केंद्रीय गुप्तचर विभागाचा अर्ज भरायचं जाहीर केलं. हे असतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. सहायक केंद्रीय गुप्तचर अधिकारी, श्रेणी दोन. रीतसर जाहिरात, रीतसर अर्ज, लेखी परीक्षा, मुलाखत. अर्जात जन्मतारीख, शिक्षण, प्रवर्ग, फोटो, सही. 'आपल्या कुटुंबातील कोणत्या व्यक्तीचा खून झाला आहे?' असा रकाना त्यात नाही. तिने पुन्हा पुन्हा खाली सरकवून पाहिलं.

"वेतनश्रेणी?" सासऱ्यांनी विचारलं.

"लेव्हल सात. मूळ वेतन चव्वेचाळीस हजार नऊशेपासून. वर वीस टक्के विशेष सुरक्षा भत्ता."

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. इतक्या वर्षांत कुठल्याच सिनेमाने त्यांना ही माहिती दिली नव्हती. "पेन्शन?"

"2004 नंतरची भरती आहे, आजोबा. जुनी पेन्शन नाही."

"मग हेर व्हायचंच कशाला?" ते म्हणाले. एवढ्या वर्षांत समितीसमोर आलेला हा पहिला खरा प्रश्न होता.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी जाहीर केलं, की मला असा सिनेमा हवाय. नायिका ठाण्याची. आई जिवंत, वडील जिवंत, नवरा जिवंत आणि साखरसुद्धा नॉर्मल. तिने जाहिरात वाचून अर्ज भरला, परीक्षा दिली, लागली. मुलाखतीत विचारलं, का यायचंय या खात्यात? ती म्हणाली, आवडतं म्हणून. मुलाखत घेणाऱ्यांनी माना हलवल्या. संपला खुलासा. पुढे दोन तास नुसती मारामारी.

मावशी म्हणाली, "शारीरिक चाचणी दाखवा. नीट दाखवा, उगाच पळताना नुसते बूट दाखवू नका." भाऊजी म्हणाले, "वजन साठच्या वर ठेवा, माझी हरकत नाही." सासरे म्हणाले, "शेवटी तिने प्रवासभत्त्याचं बिल सादर केलेलं दाखवा, आणि ते मंजूर झालेलं." पुतणी म्हणाली, "काकू, परीक्षेचा निकाल वेळेवर लागलेला दाखवू नकोस. लोकांना खोटं वाटेल."

नवरा भात कालवत होता. "नवरा शेवटपर्यंत जिवंत आहे म्हणालीस ना?"

"आहे की. फक्त मध्यंतरानंतर त्याला पळवून नेतात, आणि ती जाऊन सोडवते."

त्याने घास हातातच धरून बराच विचार केला.

"त्याला सोडवायला," तो म्हणाला, "अक्षय कुमार नाही का येऊ शकत?"